सरपंचपदाची बोली आणि काकूंचा अर्ज

"मी 19 वर्षांची आहे, धुळ्याला कॉलेजात शिकते. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. वस्ती अठराशेच्या आसपास, ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. यंदा सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी आहे. मागच्या आठवड्यात पारावर बैठक झाली. निवडणूक बिनविरोध करायची, सरपंचपद जास्त बोली लावेल त्याच्या घरात द्यायचं आणि पैसे मंदिराच्या सभामंडपाला, असं ठरलं. बोली 5 लाखांपासून निघाली आणि एका ठेकेदारानं 14 लाख 51 हजारांवर तोडली. मग देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांना सांगितलं की आता दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. भरला तर देव बघेल आणि गावही बघेल. माझी काकू बचत गटाची अध्यक्ष आहे, तिला उभं राहायचं होतं. ती गप्प बसली. आबांना विचारलं तर म्हणाले, 'गावमा भांडन नको, पैसा बी देवळले लागी जाई. मंग तुले काय अडचन शे?' मला उत्तर सुचलं नाही. शाळेत लोकशाहीची व्याख्या पाठ केली होती, ती इथे कामाला येईना. पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत, तर यात चूक काय? आणि चूक असेल तर आमचं घर एकटं न पडता काय करता येईल?"
— एक विद्यार्थिनी, तालुका शिंदखेडा

आबांचा प्रश्न पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, म्हणून आधी तोच घेऊ. पैसा देवळाला लागला तर अडचण काय? कायद्याचं उत्तर सरळ आहे. भारतीय न्याय संहितेच्या 169व्या कलमात 'निवडणूकविषयक हक्क' म्हणजे काय ते सांगितलंय. त्यात मत देणं किंवा न देणं तर आहेच. शिवाय उमेदवार म्हणून उभं राहणं, उभं न राहणं आणि अर्ज मागे घेणं, हेही त्याच हक्कात येतं. 170वं कलम म्हणतं की हा हक्क कुणी अमुक पद्धतीनं वापरावा म्हणून काही देणं ही लाच, आणि ती 'स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी' घेणं हीसुद्धा लाच. या चार शब्दांत सभामंडप येतो. पैसे खिशात गेले की दानपेटीत, या कलमाला फरक पडत नाही. गावानं उभं न राहण्याचा मोबदला घेतला, एवढं पुरे. शिक्षा 173व्या कलमात आहे: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

नारळाचंही तसंच. दैवी कोपाची भीती घालून निवडणुकीतल्या हक्कात ढवळाढवळ करणं हा 171व्या कलमाखाली गैरवाजवी प्रभावाचा गुन्हा आहे. 'देव बघेल' हे वाक्य कायदा लिहिणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. ते इंग्रजांच्या काळापासून दंडसंहितेत आहे आणि नव्या संहितेतही तसंच ठेवलं आहे.

पण कलमं वाचून दाखवली म्हणून आबा ऐकतील असं नाही. त्यांच्यापुढे हिशेब मांडा, शेतकरी माणसाला तो लगेच कळतो. सप्टेंबर 2024च्या वाढीनंतर 2000पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिना 6000 रुपये मानधन आहे. पाच वर्षांचे महिने 60, म्हणजे 3 लाख 60 हजार. बोली 14 लाख 51 हजारांची. मधले 10 लाख 91 हजार कुठून निघणार? एवढं मोठं दान देवाला करायचं असतं तर त्यासाठी सरपंचपद लागत नाही, पावती फाडून ते उद्याही करता येतं.

हे पैसे निघतात गावाच्या कामातून. समजा वित्त आयोगाच्या निधीतून गल्लीत 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद काँक्रीट रस्ता मंजूर झाला. अंदाजपत्रकात जाडी 15 सेंटीमीटर, म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात 10 सेंटीमीटर ओतलं की 30 घनमीटरच लागतं. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, मात्र 45च चढतं आणि बिल 45चंच निघतं. मधले 15 घनमीटर हीच बोलीची वसुली. दोन पावसाळ्यांत रस्ता उखडतो आणि गाव सिमेंटला दोष देतं. बोली लावणारा माणूस ठेकेदार आहे हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण त्या बैठकीत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. गावातली कामं कुणाला जातात हे ज्या घरातून ठरणार, तेच घर कामं घेणार.

राज्य निवडणूक आयोगाकडेही एक आकडा आहे. 2017 मध्ये ठरलेली मर्यादा अशी होती: सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत थेट सरपंचपदाच्या उमेदवारानं प्रचारावर जास्तीत जास्त 50 हजार खर्च करायचे. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा. बोली त्या 50 हजारांच्या 29 पट आहे. 'बिनविरोधनं खर्च वाचला' असं कुणी म्हणालं तर कुणाचा वाचला हे विचारून घ्या.

आता तुमची पाठ केलेली व्याख्या. ती चुकीची नाही, फक्त लांबून दिसणारी आहे. तुमच्या पारावर काय झालं ते कळायला आपल्याच मुलखाचा थोडा इतिहास बघावा लागतो.

गावचं मुख्यपद विकत घेणं ही काही नवी गोष्ट नाही. पाटीलकी हे वतन होतं. ते बापाकडून मुलाकडे जायचं, कर्ज झालं की गहाण पडायचं आणि विकलंही जायचं. अर्धी पाटीलकी विकल्याची जुनी खतं महाराष्ट्राच्या दप्तरांत आहेत. महसुली पाटलाचं वंशपरंपरेचं पद कायद्यानं संपलं ते 1 जानेवारी 1963 ला. आबांच्या पिढीनं हा बदल डोळ्यांनी पाहिला असेल. पद घराण्याचं आणि पैशाचं होतं, ते मताचं झालं. पारावरच्या बोलीनं तुमच्या गावात ते पुन्हा पैशाचं केलं, एवढंच.

मतसुद्धा आधी पैशाचंच होतं. इंग्रजांच्या 1935च्या कायद्याखाली मतदार व्हायला शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी लागायचं. 1937च्या प्रांतिक निवडणुकीत अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 3 कोटी मतदार होते. सालदार, शेतमजूर, लहान कुळं, बहुतेक आदिवासी आणि बहुतेक बाया यादीच्या बाहेर. काही बायांना मत मिळालं तेही बरेचदा नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर.

त्या निवडणुकीच्या महिना-दोन महिने आधी, डिसेंबर 1936 मध्ये, काँग्रेसचं 50वं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. आज ते जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात येतं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. फैजपूर म्हटलं की चित्रकार नंदलाल बोसांनी सजवलेली बांबूची नगरी आणि माणसांचा पूर आठवतो, ठराव फारसा कुणाला आठवत नाही. त्या ठरावात 1935चा कायदा नाकारला होता आणि प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या घटना समितीची मागणी होती. म्हणजे शेतात राबणाऱ्याच्या मताला सावकाराच्या मताइतकीच किंमत हवी, ही मागणी खानदेशातल्या एका खेड्यातून झाली. घटना समिती प्रत्यक्षात तशी निवडली गेली नाही. 1946 मध्ये तिचे बहुतेक सभासद प्रांतिक विधिमंडळांनी निवडले, आणि ती विधिमंडळं जुन्या मर्यादित मताधिकारावरचीच होती. पण त्या समितीनं राज्यघटनेत 326वं कलम घातलं आणि मालमत्तेची अट गेली. ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा यादीत 17 कोटींहून अधिक नावं होती. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं, ते 18 झालं 1989 मध्ये. तुम्ही 19व्या वर्षी मत देणार ते त्यामुळे.

त्या पहिल्या यादीतून सुमारे 28 लाख बायांची नावं वगळावी लागली होती. नोंदणीला माणूस दारात आला तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहून घेतलं गेलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं यादीत ठेवायला नकार दिला. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. पद महिलेचं आहे, बोली ठेकेदारानं लावली, आणि सरपंच होणाऱ्या बाईंचं नाव पत्रात कुठेच नाही. हा तुमचा दोष नाही, बैठकीतही ते कुणी उच्चारलं नसणार. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं 2011 मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. बोलीनं हे आरक्षण कागदावर ठेवून काढून घेता येतं, कारण बोली लावायला सात-बारा आणि बँकेची पत लागते, आणि ती गावात अजून बहुतेक पुरुषांच्याच नावावर असते.

ग्रामपंचायतींबद्दल घटना समितीत मोठा वाद झाला होता. 4 नोव्हेंबर 1948 ला डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की खेड्याकडे आदर्श म्हणून बघू नका, तिथे संकुचितपणा आणि अज्ञान आहे. तरी त्याच महिन्यात ग्रामपंचायतीचं 40वं कलम मंजूर झालं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या असं आम्हाला वाटतं. 'गाव बघेल' या धमकीत आंबेडकरांची शंका दिसते, आणि काकूंच्या उभं राहण्याच्या इच्छेत 40व्या कलमाची आशा.

बिनविरोध निवडणूक मात्र स्वतःहून वाईट नाही, आबांचं इतकं म्हणणं मान्य करा. माघारीची मुदत संपल्यावर एका जागेला एकच वैध अर्ज उरला की तो उमेदवार बिनविरोध निवडून येतो, कायद्याला त्यात वावगं नाही. सगळ्या गल्ल्यांतली माणसं बसली, इच्छुकांनी एकमेकांशी बोलून आपल्या मर्जीनं माघार घेतली, पैसा नाही, शपथ नाही, तर ते चांगलंच. फक्त मतदान न झाल्यानं काय जातं तेही माहीत असू द्या. मतदान झालं तर 'नोटा', म्हणजे 'यातलं कुणीच नको', हा पर्याय असतो. बिनविरोधमध्ये मतपत्रिकाच नाही, त्यामुळे नोटाही नाही. कुणी नको असेल तर ते सांगायची जागाच उरत नाही.

लिलाव आयोगाला खपत नाही, हे आपल्याच भागात दिसलं आहे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक सरपंचपदाच्या लिलावाच्या प्रकारावरून आयोगानं रद्द केली. हे आबांना जरूर सांगा. बोली लावणाऱ्यालाही कुणीतरी सांगितलेलं बरं, कारण निवडणूक रद्द झाली तर देवळाला दिलेले पैसे कोण परत करणार, यावर गावात जी भांडणं होतील ती मतदानानं झाली नसती.

आता करायचं काय. सगळ्यात साधा आणि सगळ्यात परिणामकारक उपाय एकच: काकूंचा अर्ज. दुसरा वैध अर्ज राहिला की मतदान घ्यावंच लागतं आणि बोलीला अर्थ उरत नाही. मतदान गुप्त असतं. पारावर मान डोलावलेला माणूस मतदान यंत्रासमोर काय करतो हे ठेकेदारालाही कळत नाही. त्यामुळे खरं काम अर्ज टिकवण्याचं आहे. अर्ज छाननीत उडतात ते बहुतेक फालतू कारणांनी.

पहिलं कारण थकबाकी. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर माणूस अपात्र ठरतो, आणि विरोधक हीच वही आधी उघडतात. घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही भरा, नमुना 10ची पावती घ्या. पैसे देऊन पावती 'उद्या नेजा' असं झालं तर ते पैसे भरलेच नाहीत असं समजा. थकबाकी नसल्याचा दाखला मागताना तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) नेमका त्याच आठवड्यात रजेवर जाऊ शकतो. तेव्हा ही शिक्क्याची प्रत घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

मग नाव. मतदार यादी, आधार, शाळेचा दाखला यांत माहेरचं-सासरचं नाव वेगळं असेल तर आताच जुळवा. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून एका ठराविक तारखेला उचलतात, त्या तारखेनंतर केलेली दुरुस्ती या निवडणुकीला कामाची नाही. तुमचं स्वतःचं नावही प्रारूप यादीत बघून घ्या. काकूंचा जन्म 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा लागेल, आधीचा असेल तर नाही. पद सर्वसाधारण महिलेचं असल्यानं जातवैधतेचा प्रश्न नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेलं तिसरं अपत्य आणि सरकारी जागेवरचं अतिक्रमण ही अपात्रतेची आणखी दोन कारणं. घराची ओटी किंवा गोठा गावठाणात पुढे आला असेल तर ते आधीच तपासा. पैकी अतिक्रमणाची तक्रार नेमकी निवडणुकीतच येते.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, छापून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. शेवटच्या दिवसासाठी थांबू नका. डिसेंबर 2020 मध्ये संकेतस्थळावर इतका ताण आला होता की आयोगाला कागदी अर्ज घ्यावे लागले. अर्ज भरण्यापासून माघारीची मुदत संपेपर्यंतचे दिवस खरे धोक्याचे. तेव्हा घरी माणसं येतात, मामा-मेव्हण्यांना मध्ये घालतात. माघारीच्या कागदावर सही स्वतःची आणि स्वतःच्या मर्जीची हवी, कोऱ्या कागदावर सही कुणालाच देऊ नका. अगदी सख्ख्या दिरालाही नाही.

तक्रार करायची असेल तर निनावी करू नका. निनावी अर्ज बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतो. जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि राज्य निवडणूक आयोग, तिघांना एकच अर्ज द्या. एका घराचा नको. बचत गटातल्या वेगवेगळ्या भावकीच्या पाच-सहा बायांच्या सह्या असल्या तर 'अमक्याच्या घरानं गावाची बदनामी केली' असं बोट दाखवता येत नाही. अर्जात बैठकीची तारीख, वेळ, जागा, बोली कुठून कुठपर्यंत गेली, नारळापुढे नेमके कोणते शब्द बोलले गेले, एवढंच लिहा. 'लोकशाहीची हत्या' वगैरे नको, तहसील कचेरीत तो कागद वाचणाऱ्याला त्यातून करण्यासारखं काही सापडत नाही. व्हिडिओ असेल तर तो कापू नका, ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल जपा. पुढाऱ्यांचा व्हॉट्सअॅपवरचा निरोपही खोडू नका.

कचेरीत दोन उत्तरं मिळण्याची शक्यता आहे. एक, 'अजून आचारसंहिता लागलेली नाही.' तरी अर्ज द्याच, आवक क्रमांक घ्या, आणि कार्यक्रम जाहीर झाला त्याच दिवशी त्या क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा द्या. दुसरं उत्तर पोलीस ठाण्यात मिळतं: लाचेचा हा गुन्हा अदखलपात्र आहे, न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आम्ही तपास करू शकत नाही. ते खरं आहे. पण 'गाव बघेल' ही धमकी पुढे गेली, किराणा बंद, दळण बंद, लग्नाचं आमंत्रण बंद, असं काही झालं, तर 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागतो. तो गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांकडे गेलात तर या कायद्याचं नाव घेऊन जा. घर एकटं पडू नये म्हणून हाच कायदा तुमच्या जास्त कामाचा आहे.

निवडणूक होऊन गेली आणि नंतर पुरावा हाती आला, तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक याचिका करता येते. सोळाव्या दिवशी नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आयोगानं निवडणूक रद्द केली तर ग्रामपंचायतीची मुदत संपलेली असेल तिथे प्रशासक येतो आणि काही महिने सही त्याच्या हातात जाते. ज्यांचा लिलावाशी संबंध नाही अशा प्रामाणिक सदस्यांची निवडणूकही त्यात जाते. म्हणून तक्रारीआधी अर्जाचा मार्ग धरा, आणि आबांना सोबत घ्या. सभामंडपाचं काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार. मंदिराचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का ते बघा. असेल तर ट्रस्टच्या पावतीनं घरटी वर्गणी काढा, निकालानंतर. साडेतीनशे घरांचं गाव असलं तर घरटी 4000 धरून 14 लाख होतात. दोन हंगामांत विभागले, कपाशीच्या आणि हरभऱ्याच्या पैशातून, तर जड जाणार नाही. ठेकेदारांनाही त्यात मोठी रक्कम लिहिता येईल, कुणाला अर्ज भरायला मना न करताही.

कार्यक्रम जाहीर व्हायची वाट न बघता काकूंना या सोमवारीच ग्रामपंचायतीत पाठवा. घरपट्टी, पाणीपट्टी, दोन वेगळ्या पावत्या.